वळणाला फॅट किती?

दाजी रविवारी दुपारी साडेतीनच्या सुमाराला परत येतात. गाडी अंगणात स्टँडवर चढली, की हेल्मेट काढायच्या आत मी विचारतो, "किती लागली?"

"आंबा सहा-पाच," हातमोजे झटकत दाजी सांगतात. "पण साखरप्याकडनं वर येताना मधली चार वळणं सात-एक. चोख. पाण्याचा थेंब न्हाई."

परक्या माणसाला वाटावं, हा मनुष्य दूध बघायला गेला होता. तसं वाटलं तर फारसं चुकलंही नाही. दाजी, म्हणजे माझ्या आक्काचे मालक, गेली तीस वर्षं वारणानगरच्या पंचक्रोशीतल्या एका वाडीत दूध संस्थेत फॅट काढतात. सकाळ-संध्याकाळ किटल्या घेऊन बायामाणसं रांगेत उभी राहणार, दाजी नमुना घेणार, आकडा सांगणार आणि त्या आकड्यावर त्या घरचा पंधरवडा चालणार. म्हशीची फॅट सहाच्या वर लागली तर बाई पदर सावरून जाते, पाच-पाच लागली तर दाजींच्या सात पिढ्या सावरते. इतकी वर्षं दशांश चिन्हात घालवलेल्या माणसाच्या हातात जग आलं, तर तो त्याचीही फॅटच काढणार. दाजींना मिळालं त्यातलं सगळ्यात मोलाचं जग म्हणजे घाटरस्ते. म्हणून आंबा सहा-पाच, वाघबीळ पाच-नऊ, जोतिबाला मागच्या अंगानं चढणारा गिरोलीचा घाट सहा-दोन (पावसाळ्यानंतर खड्डे बुजवले असतील तर), आणि पुणे-बंगळूर महामार्ग?

"ताक," दाजी म्हणतात.

असा माणूस प्रत्येक तालुक्यात एखादा तरी असतो. पंढरीचा वारकरी असतो तसा हा वळणकरी. लोक त्याला वेगाचा वेडा समजतात आणि तिथंच फसतात. दाजींना वेग अजिबात आवडत नाही. वाठारपासून कऱ्हाडाकडं महामार्गाला लागले की ते डाव्या कडेनं पन्नासच्या आत, शाळेच्या गणवेशातल्या मुलासारखे मान खाली घालून जातात. मागून ट्रक हॉर्न देतो, एम-ऐंशीवरचा म्हातारा पुढं निघून जातो, एकदा तर लग्नाच्या वऱ्हाडाचा टेम्पो बँजोसकट पुढं गेला. दाजींना काही नाही. सरळ रस्त्यावर त्यांचे डोळे अर्धे मिटलेले असतात. "हितं करायचं काय माणसानं?" असा त्यांचा खरा प्रश्न असतो. मग कुठंतरी डोंगराची सोंड रस्त्याला आडवी येते, पिवळ्या पाटीवर वाकडा बाण दिसतो, आणि हा पन्नाशी ओलांडलेला, टाळूवर विरळ झालेला, गुडघ्याला आयोडेक्स चोळणारा माणूस डोळ्यांदेखत पंचविशीचा होतो.

एरवी त्यांच्याइतका भित्रा माणूस मी पाहिलेला नाही. रात्री झोपताना गॅसचा खटका तीनदा बघतात. विजेचं बिल शेवटच्या तारखेच्या दहा दिवस आधी भरतात. वारणा बझारच्या समोर रस्ता ओलांडायचा तर आक्काचा हात धरतात, आणि हे प्रेमानं होत असावं असं आक्काला लग्नानंतर पाच वर्षं वाटत होतं. पुढं तिला कळलं. "पोरांना वळण लावायच्या वयात ह्यांनी स्वतःलाच लावून घेतलं," असं ती आता म्हणते आणि भाकरी जरा जोरातच थापते.

गाडी यामाहा आरएक्स हंड्रेड. भारतात ही गाडी १९८५ला आली आणि १९९६ला बंद झाली. दाजींची १९९३ची. अठ्ठ्याण्णव सीसी, अकरा घोडे, वजन शंभर किलोच्या आसपास, म्हणजे धष्टपुष्ट पंचाची बायको मागं बसली तर गाडी दीडपट होते. दाजींनी तिला कधी 'गाडी' म्हटलेलं मी ऐकलेलं नाही. ते 'यामा' म्हणतात, तेही एकवचनी आणि लडिवाळ. आक्काला मात्र 'अहो ऐकलं का' म्हणतात. यामाच्या पेट्रोलच्या टाकीला दिवाळीला अभ्यंगस्नान असतं. टू-टी ऑइलचा निळसर धूर अंगणात पसरला की शेजारची म्हातारी मच्छर जातात म्हणून खूश होते.

आता दाजींच्या दुनियेची हद्द सांगायला हवी, कारण त्यात खरी गोम आहे. दुधाला रविवार नसतो. सकाळी सहा ते साडेआठ संकलन, संध्याकाळी पाचला पुन्हा. तेव्हा दाजींच्या वाट्याला येतं ते म्हशीच्या दोन धारांच्या मधलं जग. नऊला निघून साडेतीनपर्यंत परतता येईल एवढंच. आंबा घाट उतरून साखरप्यात चहा आणि परत वर, हे जमतं. गगनबावड्याचा करूळ जमतो, पण येताना भुईबावड्यानं वर यायचं तर जेवण सोडावं लागतं. आंबोली एकदाच झाली, तीही चुलत सासूबाईंच्या दहाव्याला सावंतवाडीकडं जायचं म्हणून. "बिचाऱ्या फार चांगल्या वेळी गेल्या," असं दाजी चुकून बोलून गेले होते, आणि ते वाक्य आजही प्रत्येक श्राद्धाला निघतं. कुंभार्ली घाट मिळाला तो चिपळूणच्या लग्नामुळं. घरचे सगळे वडापनं गेले, दाजी एकटे यामावरून. मंगलाष्टकं सुरू झाली तरी दाजी नाहीत. अक्षता पडल्या आणि मंडपाच्या दाराशी हेल्मेट काखेत धरून उभे, चेहऱ्यावर असं तेज की फोटोग्राफरनं त्यांनाच नवरदेव समजून दोन फोटो काढले. घाट त्यांनी दोनदा केला होता. वरून खाली आले, खात्री पटेना, म्हणून पुन्हा वर जाऊन आले.

"दुसऱ्यांदा कशाला?"

"पहिल्या नमुन्यावर फॅट लावायची नसती," दाजी म्हणाले.

*

या सगळ्याच्या विरुद्ध टोकाला आमचे आबा. माझे वडील, दाजींचे सासरे. आबांनी एसटीत बत्तीस वर्षं ड्रायव्हरकी केली. मलकापूर-रत्नागिरी, कोल्हापूर-राजापूर, अणुस्कुरा, आंबा, जे जे वाकडं ते ते आबांच्या ड्यूटीत. पॉवर स्टिअरिंग नव्हतं तेव्हाची गोष्ट. घाटातल्या आखूड वळणावर बस फिरवायची म्हणजे अख्खं अंग चाकावर टाकावं लागायचं. २००३ साली निवृत्त झाले, फंडाचे पैसे आले, आणि आबांनी पहिली गोष्ट केली ती नवी बुलेट घेतली. साडेतीनशेची, काळी, सोनेरी रेघा हातानं ओढलेली.

"आता वळायचं न्हाई," आबांनी जाहीर केलं. "सरळ जायाचं. हळू जायाचं. कोण भेटंल त्याला रामराम घालायचा."

आबांची बुलेट सुरू व्हायची ती एखाद्या धार्मिक विधीसारखी. किल्ली फिरवायची, अर्धी किक हळूच दाबायची, डिकंप्रेशनचा खटका ओढायचा, ॲम्पिअर मीटरचा काटा मधोमध येईस्तोवर थांबायचं, खटका सोडायचा, आणि मग नवस फेडल्यासारखी एक सणसणीत किक. लागली तर 'धग्... धग्... धग्', नाही लागली तर पुन्हा संकल्पापासून. तोवर यामा दोनदा कोडोलीला जाऊन आलेली असायची. एकदा सुरू झाली की आबा चाळिसाला बांधलेले. उतार असो, चढ असो, पाठीमागं रुग्णवाहिका असो. पारगावच्या बाजूला उसाच्या दोन भिंतींमधून ते निघाले की वाटेत दिसेल त्याला उजवा हात वर करून नमस्कार करायचे, उजवा हात उचलला की रेस सुटायची, रेस सुटली की गाडी हळू व्हायची, हळू झाली की तो माणूस गप्पांना यायचा. चार किलोमीटरला आबांना पाऊण तास लागलेला मला माहीत आहे. त्यातली वीस मिनिटं गाडी चालू होती.

रविवारी रात्री जेवताना या दोन पंथांचा वाद व्हायचा.

"मामा, तुम्ही गाडी चालवत न्हाई, गाडी तुम्हाला फिरवून आणती," दाजी ताटात बघत म्हणायचे. सासऱ्याच्या डोळ्याला डोळा भिडवून बोलायची रीत आमच्याकडं नाही, त्यामुळं ते वाक्य झुणक्याला उद्देशून असायचं.

"पावणं," आबा शांतपणे म्हणायचे, "मी घाटात बत्तीस वर्षं काढली. पंचावन्न माणसं घेऊन. पगार घेऊन. तुम्ही तिथं पदरचं पेट्रोल जाळून काय करायला जाता ते एकदा सांगा."

दाजींकडं याचं उत्तर नव्हतं असं नाही. उत्तर होतं, पण त्यासाठी त्यांना संस्थेतलं जुनं यंत्र आठवावं लागायचं. आता दुधाचा नमुना मशीनखाली धरला की काही सेकंदांत आकडा पडतो. दाजी शिकले ते गर्बर पद्धतीवर. काचेच्या बुटिरोमीटरमध्ये दहा मिली गंधकाम्ल, त्यावर पावणेअकरा मिली दूध, एक मिली अमाइल अल्कोहोल, बूच लावायचं आणि नळ्या गोल यंत्रात ठेवून पाच मिनिटं गरगर फिरवायच्या. आम्लानं दुधातलं बाकी सगळं विरघळतं, आणि फिरण्याच्या जोरानं हलकी फॅट वेगळी होऊन नळीच्या दांडीत येऊन थांबते. तिथं आकडे कोरलेले असतात.

"फिरवल्याबिगर फॅट वर येत न्हाई, मामा," दाजी म्हणायचे. "दुधाची न्हाई, माणसाचीबी न्हाई."

आबा यावर ताक मागायचे.

*

मी शाळेत विज्ञान शिकवतो, त्यामुळं दोघेही मला पंच समजतात. दोघांच्या मागं बसून मी पुष्कळ फिरलो आहे. म्हणजे पुस्तकी आणि आसनी, दोन्ही पुरावे माझ्याकडं आहेत.

पुस्तकातला पुरावा असा. वीस मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी चाळीसनं गेलं, तर गाडी आणि माणसाला मिळून सुमारे बत्तीस अंशांनी झुकावं लागतं. यात वजन कुठंच येत नाही. यामाही तेवढीच झुकणार, बुलेटही तेवढीच. शिवाय गाडी डावीकडं वळवायची असेल तर डावं हँडल पुढं ढकलावं लागतं. म्हणजे चाक क्षणभर उजवीकडं जातं, तोल डावीकडं पडतो आणि मग गाडी डावीकडं वळते. विमानवाल्या राइट बंधूंपैकी विल्बर राइटनं सायकलवाल्यांना विचारून ही गोष्ट हेरली होती. त्याच्या ध्यानात आलं होतं की रोज हेच करणाऱ्या माणसालासुद्धा आपण हे करतो याची खबर नसते. मी हे दाजींना मोठ्या उत्साहानं समजावलं. दाजींनी ऐकलं, दुसऱ्या दिवशी गिरोलीला गेले, पहिल्याच वळणावर 'आता मी डावं हँडल ढकलतोय' असा विचार केला आणि थेट करवंदीच्या जाळीत गेले. तेव्हापासून त्यांनी मला यामाच्या बाबतीत शास्त्र सांगायची बंदी घातली आहे.

त्यांचं स्वतःचं शास्त्र वेगळं आहे आणि खरं सांगायचं तर माझ्यापेक्षा ते जास्त उपयोगी पडतं. "टायरची पकड म्हणजे एक भाकरी," दाजी सांगतात. "ब्रेकाला निम्मी दिली, तर वळणाला निम्मीच राहती. म्हणून ब्रेकाचं जेवण वळणाच्या आधी उरकायचं." दुसरं, जिकडं बघाल तिकडं गाडी जाणार. खड्ड्याकडं बघाल तर खड्ड्यात, दरीकडं बघाल तर साखरप्यात. वळण जिथं संपतं तिथं बघायचं. आणि तिसरं, जे मला कुठल्या पुस्तकात सापडलं नसतं. उजवीकडच्या वळणावर चाकं आपल्या बाजूला असली तरी झुकलेल्या माणसाचं डोकं मधली रेघ ओलांडून समोरच्याच्या बाजूला जातं. समोरून एसटी आली तर गाडी वाचेल, मुंडकं जाईल. म्हणून उजव्या वळणाला दाजी डाव्या कडेला अगदी गवताशी घसट ठेवून शिरतात. चढणाऱ्या गाडीला वाट द्यायची हा घाटाचा कायदा ते देवळातल्या सोवळ्यासारखा पाळतात. सांगायचा मुद्दा, गॅसचा खटका तीनदा बघणारा माणूस घाटातही तोच असतो. फक्त तिथं त्याला बघायला पुष्कळ खटके मिळतात.

आता आसनावरचा पुरावा. दाजींच्या मागं बसलं की माणूस पहिल्या वळणाला देव आठवतो, दुसऱ्याला विमा. तिसऱ्यापासून मात्र एक चमत्कार होतो. डोक्यात काहीच राहत नाही. पेपर तपासायचे राहिलेत, सोसायटीचा हप्ता, हेडमास्तरांचा चेहरा, सगळं विरघळून जातं. गाडी एका बाजूला झोपते, उठते, दुसऱ्या बाजूला झोपते, जात्यावर बसलेल्या बाईसारखी एक लय लागते, आणि घाटमाथा आला की वाटतं, एवढ्यात? आबांच्या मागं बसलं की नेमकं उलटं. इंजिनाची धगधग पाठीच्या कण्यातून वर चढते आणि डोक्यातलं एकूण एक बिल बाहेर काढते. चाळिसाच्या वेगात माणसाला विचार करायला फार वेळ मिळतो. आबांना तो हवा असायचा. ते म्हणायचे, घाटात बत्तीस वर्षं विचार करायची सोयच नव्हती, सगळे साठवून ठेवले होते.

उतारावर मात्र आबांचं पारडं जड. बुलेट चार ठोक्यांची. गिअर खाली टाकला, रेस सोडली की इंजिनच गाडी धरून ठेवतं, आणि आबा वाघबीळ उतरायचे ते पालखी उतरावी तसे. यामा दोन ठोक्यांची, तिला असं धरून ठेवायची सवय नाही. सगळा भार ड्रम ब्रेकवर. पायथ्याशी आबा मिशीवरून हात फिरवत असायचे आणि दाजी चाकावर पाणी टाकत. "तुमची चढायची, माझी उतरायची," असं आबा तेव्हा म्हणायचे. वयाचा इशारा त्यात होता की काय, कोण जाणे.

एकदाच दाजींनी बुलेट घाटात नेली. आबांना ताप होता, जोतिबाला नवसाचा नारळ पोचवायचा होता, यामाचा पिस्टन दुरुस्तीला गेलेला. जुन्या बुलेटची एक खोड ठाऊक असलेल्यांनी इथंच कपाळाला हात लावला असेल. त्या गाडीचा गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला. गिअरही पहिला वर, बाकीचे तीन खाली. दाजी गिरोलीच्या आखूड वळणावर आले, सवयीनं उजव्या पायानं सगळा जोर लावून ब्रेक दाबला, आणि बुलेटनं आज्ञाधारकपणे दुसऱ्याचा तिसरा टाकला. दाजींनी आणखी जोरात दाबला. चौथा पडला. पुढं काय झालं ते दाजी सांगत नाहीत. नारळ मात्र देवापर्यंत पोचायच्या आतच फुटला होता एवढं आम्हाला ठाऊक आहे. "देवानं वाटंतच घेतला," असं आक्कानं सासूला सांगून वेळ मारली.

*

इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजात बाहेरगावची पोरं येतात आणि त्यांच्या बुडाखाली ड्यूक असतात. चाकणला बनलेल्या, नारिंगी, भडक. त्यांना दाजींचं फार कौतुक. "काका, आरएक्स विकायची का?" असं आठवड्याला एक जण तरी विचारतो. दाजी त्याला चहा पाजतात आणि मुलगी मागायला आलेल्या नको त्या स्थळासारखं वाटेला लावतात. अशाच तिघांनी एकदा पन्हाळ्यापर्यंत शर्यत लावायची गळ घातली. इथं वाचकाची अपेक्षा असणार की म्हाताऱ्या यामानं पोरांना पाणी पाजलं. तसं काही झालं नाही. पहिल्या दोन मिनिटांत ती तिघं दिसेनाशी झाली. दाजी वर पोचले तेव्हा पोरांचं झुणका-भाकरीचं दुसरं ताट चालू होतं.

दाजी कुणाशी काही बोलले नाहीत. खाली वाकून त्यांनी तिन्ही ड्यूकची मागची चाकं बघितली, दुधाचा कॅन झाकण काढून बघावा तशी. टायर मधोमध गुळगुळीत झिजलेले आणि दोन्ही कडांना नव्या रबराचे केस जसेच्या तसे. म्हणजे गाडी झोपलीच नव्हती कधी. नुसती सरळ पळाली होती आणि वळणाला ब्रेक मारून रडतखडत फिरली होती.

"मधी टक्कल, कडंला केस," दाजी म्हणाले. "घाट तुम्ही ओलांडलासा पोरांनो. केला न्हाई."

त्यातलाच एक पुढं दाजींचा चेला झाला. त्यानं मोबाइलवर दाजींना अमेरिकेतला एक रस्ता दाखवला. टेनेसीच्या डोंगरातला, अकरा मैलांत तीनशे अठरा वळणं म्हणून प्रसिद्ध असलेला, ड्रॅगनच्या शेपटीचं नाव दिलेला. दाजींनी चष्मा लावून तो सगळा व्हिडिओ बघितला. मग कॅलक्युलेटर मागितला. किलोमीटरला अठरा वळणं आली. बराच वेळ ते गप्प होते. मला वाटलं, या माणसाला आयुष्यात पहिल्यांदा आपण चुकीच्या देशात जन्मलो असं वाटतंय.

"तिथं उसाची ट्रॉली येती का समोरनं?" दाजींनी विचारलं.

नाही म्हटल्यावर त्यांनी आकडा लावून टाकला. "मग तीन-आठ. गाईचं."

ट्रॉलीचं म्हणाल तर त्यात तथ्य आहे. गळीत हंगाम सुरू झाला की आमच्या भागातले रस्ते कारखान्याचे होतात. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, ट्रॉलीच्या बाहेर हातभर ऊस, वर कर्णा, त्यात लावणी. वळणावर मोळीतून निसटलेली कांडी पडलेली, वाढ्यांचा पसारा, शेतातून चाकाला चिकटून आलेला चिखल. दाजी या चार-पाच महिन्यांना 'भाकड' म्हणतात. चैत्रात जोतिबाची यात्रा. डोंगर गुलालानं माखतो, आणि त्या गुलालावर पाण्याचा टँकर गळला की रस्त्याचा साबण होतो. त्या आठवड्यात दाजी सासनकाठीमागं पायी चालतात आणि प्रत्येक वळण पायानं चाचपून घेतात. पावसाळ्यात शेवाळ. असं सगळं वजा करता वर्षाकाठी घाटाचे खरे दिवस किती उरतात, ते दाजींनी वहीत लिहून ठेवलं आहे. तो आकडा ते आक्काला सांगत नाहीत. एवढ्याशा दिवसांसाठी एवढं ऑइल, हे तिला पटणार नाही.

*

मग रत्नागिरी रस्त्याचं चौपदरीकरण आलं. मिऱ्या-नागपूर महामार्ग. डोंगराच्या सोंडा पोकलेननं कापल्या, मोऱ्या भरल्या, आणि ज्या वळणांना दाजींनी वर्षानुवर्षं आकडे लावले होते ती एकेक करून सरळ झाली. गावात आनंद होता. रत्नागिरी जवळ आली, मासा ताजा मिळणार, जमिनीचे पैसे आले. आमच्या घरात मात्र सुतक. दाजी जेवायचे नाहीत. संस्थेत एका बाईला सहा-दोनच्या जागी सहा-आठ सांगून बसले, तेव्हा सगळ्या वाडीला कळलं की काहीतरी गंभीर झालंय.

आबा आता ऐंशीला टेकले आहेत. गुडघे गेले, बुलेट गोठ्यात बारदानाखाली. गेल्या ऑक्टोबरात एका रविवारी तेच म्हणाले, "पावणं, चला, तुमचं वळण बघून येऊ. दुःखाला जाऊन यावं लागतं." दोघं यामावर, मी मागं स्कूटरवर. आबा दाजींच्या पाठीला दोन्ही हातांनी धरून, डोळे मिटून.

जागा सांगत नाही. बांबवड्याच्या पुढं समजा. नवा रस्ता पट्टीनं आखल्यासारखा वरून गेलाय आणि त्याच्या खाली, डोंगराच्या कुशीत, जुन्या रस्त्याचा दीडशे पावलांचा तुकडा राहून गेलाय. सुरुवात नाही, शेवट नाही, नुसतं वळण. दोन्ही तोंडाला मुरमाचे ढीग. मधोमध सोयाबीन वाळत घातलेलं आणि एक म्हातारी काठी घेऊन कोंबड्या राखत बसलेली.

दाजींनी ढिगाच्या कडेनं यामा आत घातली.

"ओ पावणं! सोयाबीन हाय, दिसत न्हाई व्हय?"

"कडंनं जातो मावशी. आवाजबी करत न्हाई."

आणि ते गेले. माणूस चालतो त्या वेगानं. त्या वेगात झुकायची काही गरज नसते, पण दाजींनी खांदा आत टाकला, मान वळवली, वळण संपतं तिथं नजर लावली, सगळं रीतसर. सोयाबीनचा एक दाणा चाकाखाली आला नाही. मी मागून बघत होतो म्हणून मला दिसलं. वळणाच्या पोटात आल्यावर आबांचा डावा हात दाजींच्या पाठीवरनं सुटला, खाली गेला, मांडीशेजारी हवेत मूठ वळली, आणि त्यांनी ती जरा बाहेर ओढून मागं घेतली. डोळे मिटलेलेच होते. तोंडातून हलकेच घर्रर्र आवाज आला. पंचावन्न माणसांची बस तिसऱ्यावरनं दुसऱ्याला आली.

पलीकडच्या ढिगाशी यामा थांबली. दाजींनी आरशातून सगळं पाहिलं असावं, कारण ते उतरेनात, बोलेनात.

"काय हरवलंय व्हय हितं?" म्हातारीनं मला विचारलं.

मी काही सांगायच्या आत दाजींनी मान न वळवता विचारलं, "मामा, किती लागली?"

आबांनी डोळे उघडले. मागं वळून वळणाकडं बघितलं, सोयाबीनकडं बघितलं, वरून भरधाव जाणाऱ्या ट्रककडं बघितलं.

"आमच्या वेळंला सात होती," ते म्हणाले.

दाजींनी घड्याळ बघितलं. साडेतीन होऊन गेले होते. त्यांनी किक मारली आणि मला ओरडून सांगितलं, "चला आता, म्हशी पान्हावल्या असतील."